‘झळाळी’ कुठून आली? शब्दाचा अर्थ आणि मूळ शोधण्याची रीत

चमकण्यासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. चकाकी, झळाळी, लकाकी, तकाकी, लखलखाट, झगमगाट, चमचम, लुकलुक हे सगळे शब्द आपण वापरतो, पण यांतला एखादा कुठून आला असे कोणी विचारले की उत्तर बहुधा अंदाजाचेच असते. ‘संस्कृतमधून आला असेल’ एवढे म्हणून विषय संपतो. खरे तर घरी बसून, तीन-चार कोश आणि ध्वनीचे मोजके नियम हाताशी ठेवून बरेच पुढे जाता येते. खाली ‘झळाळी’ हा एकच शब्द धरून ती रीत दाखवली आहे. गोव्यात बसून शोध घेणाऱ्याला एक जादा सोय आहे. शेजारच्या घरात कोंकणी बोलली जाते, आणि काही ठिकाणी पुराव्याचा अडलेला धागा तीच सोडवते.

आधी अर्थ, मग मूळ

नवखा माणूस पहिल्यांदा व्युत्पत्तिकोश उघडतो. तो आधी बाजूला ठेवावा. शब्दाचा आजचा अर्थ नेमका ठरलेला नसेल तर मूळ म्हणून समोर येणारा कुठलाही जुना शब्द पटतो.

अर्थ ठरवण्यासाठी वाक्ये गोळा करावीत. एका शब्दकुळासाठी वीस-पंचवीस वाक्ये पुरतात, मात्र ती एकाच ठिकाणची नकोत. काही वर्तमानपत्रातली, काही घरात-बाजारात ऐकलेली, काही जुन्या छापील मजकुरातली असावीत. प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहून खाली स्थळ, तारीख आणि बोलणाऱ्याची भाषा नोंदवावी. गोव्यात ही शेवटची नोंद फार महत्त्वाची आहे. एकच बाई आल्यागेल्याशी मराठीत आणि सुनेशी कोंकणीत बोलते. तिच्या तोंडचा शब्द कोणत्या वाक्यात आला हे लिहिले नाही, तर पुढे तो मराठीचा पुरावा की कोंकणीचा हे सांगता येत नाही.

‘झळाळी म्हणजे काय हो?’ असे थेट विचारू नये. समोरचा माणूस पुस्तकी उत्तर देतो किंवा दबकतो. चवथीच्या आधी समया, तबके, निरांजने घासायला निघतात तेव्हा घासलेल्या आणि न घासलेल्या भांड्याकडे बोट दाखवून ‘याला काय म्हणाल?’ एवढेच विचारावे. मिळेल तो शब्द तसाच उतरवून घ्यावा, दुरुस्त करू नये.

झळाळीच्या कुळातली वाक्ये जमली की त्यांचे तीन ढीग होतात. पहिला ढीग उष्णतेचा: उन्हाची झळ, काजूच्या भट्टीची झळ, झळ लागून करपलेले रोप. महागाईची झळ बसते, भांडणाची झळ शेजाऱ्याला पोचते, तीही इथलीच. दुसरा ढीग प्रकाशाचा: गळ्यातली माळ झळकते, समई झळझळीत होते, सोन्याला झळाळी येते. तिसरा लौकिकाचा: परीक्षेच्या निकालात मुलगी झळकली, चौकात फलक झळकले, नट पडद्यावर झळकला. तिसरा ढीग दुसऱ्यातून निघाला हे उघड आहे, म्हणून मूळ शोधताना तो बाजूला ठेवता येतो. पहिला मात्र टाकायचा नाही. पुष्कळ जण इथेच चुकतात. त्यांना ‘झळ’ आणि ‘झळाळी’ हे दोन निराळे शब्द वाटतात, आणि पुराव्याचा निम्मा भाग हातातून जातो.

शेजारच्या शब्दांवर घासून पाहणे

अर्थाची कड नेमकी कुठे आहे हे शब्दांची अदलाबदल केल्याशिवाय कळत नाही. तेच वाक्य घ्यावे, चमकण्याचा दुसरा शब्द घालावा आणि कानाला खटकते का ते पाहावे.

फरशी चकचकीत असते, तिला झळाळी आहे असे कोणी म्हणत नाही. चकाकी घासलेल्या, पुसलेल्या पृष्ठभागाची असते. झळाळीत तेज वस्तूच्या आतून बाहेर येते असे भासते, म्हणून ती सोन्याला, चेहऱ्याला आणि कीर्तीला शोभते. पावसाच्या तोंडावर साखळी-वाळपईकडे झाडांवर दिसणारे काजवे लुकलुकतात, कारण लुकलुकण्यात मधूनमधून विझणे आहे. विझले नाहीत तर ते लुकलुकणे नव्हे. लखलखाटाने डोळे दिपतात, झळाळीने ते बहुधा ओढले जातात. मिठागरातला मिठाचा ढीग किंवा उन्हातली ओली वाळू चमचमते, कारण तिथे चमक सुट्या सुट्या बिंदूंत विखुरलेली असते. तकाकी सजीव, स्निग्ध वस्तूंची, म्हणजे पानांची, केसांची, ताज्या बांगड्याच्या अंगाची. तलवार आणि सूर्य तळपतात, आणि तळपण्यात थोडा तापही असतो. झळाळीच्या सगळ्यात जवळ येणारा शब्द मला हाच वाटतो.

हा अभ्यास भाषांतर करणाऱ्यालाही उपयोगी पडतो. हॉटेलच्या मेनूवरच्या ‘स्पार्कलिंग वॉटर’ला चमचमते पाणी म्हटले तर ते चुकेल. बुडबुड्यांचे पाणी मराठीत फसफसते किंवा फेसाळते. तिथे चमकण्याच्या कुळातला एकही शब्द चालत नाही.

कोश कसे उघडावे

पहिला कोश मोल्सवर्थचा. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची आणि सुधारून वाढवलेली दुसरी 1857 ची. ही दुसरी आवृत्ती संगणकावर शोधता येते. शब्द सापडत नाही अशी तक्रार पुष्कळ जण करतात आणि बहुतेक वेळा कारण लिपीचे असते. मोल्सवर्थ क्रियापदे जुन्या पद्धतीने अनुस्वार देऊन लिहितो: झळकणें, झळाळणें. अनुस्वाराशिवाय शोधले तर हाती काही लागत नाही. दुसरे कारण ‘ळ’चे. मराठी वर्णक्रमात ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून छापील कोशात झळ शोधताना झरा, झलक या शब्दांच्या आसपास थांबू नये, आणखी पाने उलटावी. शब्दापुढे मोल्सवर्थ मूळभाषेची खूण देतो, संस्कृत, फारसी, हिंदुस्थानी अशी. अनुकरणवाचक शब्द, म्हणजे आवाजाची किंवा भासाची नक्कल करून झालेला, असेल तर तसेही सांगतो. ही खूण चिठ्ठीवर उतरवून घ्यावी, पण ती निकाल म्हणून धरू नये.

त्यानंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. याचे सात खंड 1932 ते 1938 या काळात निघाले आणि पुरवणी 1950 मध्ये. जुन्या ग्रंथांतली वाक्ये देणे हे याचे बलस्थान, आणि मूळ शोधणाऱ्याला वाक्यच हवे असते. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा 1999 चा कोश पाहावा. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (1946) आणि राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश सगळ्यात शेवटी उघडावेत, आपला तर्क कागदावर उतरल्यावर. आधी उघडले तर त्यातला तर्कच आपला वाटू लागतो.

गोव्यात आणखी एक कोश हवाच, मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश. दाल्गादो मूळ बार्देशातल्या आसगावचे, आणि कोश 1893 मध्ये मुंबईत छापला गेला. यातले शब्द देवनागरीत आहेत आणि व्युत्पत्तीही दिली आहे, त्यामुळे पोर्तुगीज न येणाऱ्यालाही तो बराच वापरता येतो. जुन्या कोशांसाठी पणजीच्या पाटो भागातले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठावे. 1832 मध्ये सुरू झालेली ही संस्था पोर्तुगीज काळातल्या ग्रंथांसाठीही उपयोगी आहे.

साक्षीचे वाक्य आणि त्याची तारीख

शब्द निदान केव्हापासून आहे हे सांगायला तारखेची साक्ष लागते. झळकण्याची एक साक्ष प्रत्येक घरात पाठ आहे: ‘कंठी झळके माळ मुक्ताफळांची’. ही आरती समर्थ रामदासांची मानली जाते आणि त्यांचा काळ 1608 ते 1681. पण तोंडी गायल्या जाणाऱ्या रचनेतला शब्द पिढ्यानपिढ्या बदलू शकतो. आरतीवरून ‘सतराव्या शतकाची परंपरा’ एवढेच लिहावे, आणि पक्की तारीख हस्तलिखिताच्या किंवा छापील प्रतीच्या आधारानेच द्यावी.

गोव्यात त्याच शतकात छापलेला एक ग्रंथ शोधायला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतले क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले, रोमन लिपीत. ते वाचताना लक्षात ठेवायचे ते हे की मूर्धन्य वर्णासाठी, म्हणजे ट, ड, ण, ळ अशा जीभ वर वळवून उच्चारायच्या वर्णांसाठी, स्टीफन्स अक्षर दुहेरी लिहितात, आणि ‘ळ’ म्हणजे दोन एल. हीच पद्धत आजच्या रोमी कोंकणीतही टिकली आहे, दोळे हा शब्द तिथे दोन एल घालूनच लिहितात. गावांच्या पोर्तुगीज नावांवर मात्र ‘ल’ आणि ‘ळ’च्या बाबतीत मुळीच विसंबू नये. साखळीचे सांकेलिम आणि डिचोलीचे बिचोलिम, दोन्हींत एकच एल आहे. एका गावात ळ, दुसऱ्यात ल, आणि स्पेलिंगवरून ते कळत नाही.

ध्वनीचे नियम: खरी परीक्षा इथे

आता मुळाकडे. ‘झळ’ ऐकल्यावर पहिला संशय ‘ज्वाला’ किंवा ‘ज्वल्’ यांवर जातो. अर्थ तंतोतंत जुळतो, ताप आणि तेज दोन्ही आहेत. पण अर्थ जुळणे हा अर्धाच पुरावा. ध्वनी जुळतो का, हे त्याच जातीच्या दुसऱ्या शब्दांवर तपासावे लागते.

संस्कृतातल्या दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ होतो: फल-फळ, काल-काळ, कमल-कमळ. म्हणजे ‘झल’पासून ‘झळ’ नियमाने येते, तिथे अडचण नाही. अडचण ‘झ’ची आहे. ‘ज्व’चे मराठीत काय होते ते पाहा: ज्वाला-जाळ, ज्वलन-जळण, उज्ज्वल-उजळ, आणि ‘प्रज्वल्’पासून दिवा पाजळणे. प्रत्येक ठिकाणी ज आहे, झ एकदाही नाही. कोंकणीची साक्षही याच बाजूची. चमकण्याला कोंकणीत परजळप म्हणतात, तेजस्वी म्हणजे परजळीत. हाही शब्द ‘प्रज्वल्’चाच, आणि त्यातही ज आहे. पाच शब्द एका वाटेने गेले असताना सहाव्याने वाट बदलली म्हणायचे असेल तर त्याला वेगळे कारण दाखवावे लागेल. तसे कारण इथे दिसत नाही.

मग मराठीत झ येतो तरी कुठून? काही ठिकाणी ‘क्ष’पासून: क्षर्-झरणे, क्षीयते-झिजणे. काही ठिकाणी ‘ध्य’पासून: वंध्या-वांझ, युध्यते-झुंजणे. क्षवरून कोणाला ‘क्षल्’, म्हणजे धुणे, सुचेल. धुतले की वस्तू चमकते, कल्पना आकर्षक आहे. पण त्या धातूचा मराठी वंशज आपल्याकडे जिवंत आहे. देवळातली पाखाळणी ‘प्रक्षालन’मधून आली, आणि तिथे क्षचा ख झाला. तेव्हा हीही वाट बंद.

उरतो तिसरा उगम, बोलीतले अनुकरणवाचक शब्द. संस्कृतात झने सुरू होणारे शब्द मुळात थोडे, आणि त्यांतले बरेचसे झंकार, झंझा, झर्झर अशा जातीचे. ऋग्वेदात तर झ हा वर्ण एकाच शब्दापुरता येतो. म्हणून झळसाठी संस्कृतात फार खोल खणण्यापेक्षा प्राकृत-अपभ्रंशात, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या भाषांत, पाहणे शहाणपणाचे.

तिथे पुरावा सापडतो, आणि तो फार सुंदर आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात, आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादात 395 व्या सूत्राखाली देशी, म्हणजे संस्कृतात मूळ न सापडणाऱ्या, क्रियापदांची उदाहरणे आहेत. त्यांत एका विरहिणीचा अपभ्रंश दोहा आहे. गालावर हात टेकून बसलेल्या मुग्धेला सांगितले आहे की तुझ्या हातातली बांगडी आता चुरा होईल, कारण ती ‘सासानल-जाल-झलक्किअउ’, म्हणजे श्वासरूपी अग्नीच्या ज्वाळेने झळ लागलेली, आणि वरून आसवांनी भिजलेली आहे. या एका समासात ‘जाल’ आणि ‘झलक्किअ’ शेजारी शेजारी बसले आहेत. पहिला ‘ज्वाला’चा वंशज, दुसरा आपल्या ‘झळकणे’चा पूर्वज. म्हणजे आठशेहून अधिक वर्षांपूर्वीही हे दोन शब्द वेगवेगळे होते. शिवाय तिथे ‘झलक्क’चा अर्थ चमकणे नसून भाजणे आहे. उष्णतेचा ढीग बाजूला टाकला असता तर हा पुरावा हाती येऊनही ओळखता आला नसता.

‘झलक्क’मधल्या क्क कडेही लक्ष द्यावे. प्राकृतात दोन स्वरांमधला एकेरी क टिकत नाही, ‘लोक’चे ‘लोअ’ होते. मराठी तद्भवात, म्हणजे बदलत बदलत जुन्या भाषेतून आलेल्या शब्दात, मध्ये क दिसला तर मागे बहुधा जोडाक्षर असते. ‘झळके’मधला क त्या क्कचा.

नात्यातला परका: झलक

मराठीत ‘झळक’ही आहे आणि ‘झलक’ही. चित्रपटाची झलक दाखवतात, झळक नव्हे. वरचा नियम लावला की उत्तर लगेच मिळते. हा शब्द मराठीत जुन्यापासून चालत आला असता तर त्यातला एकेरी ल ळ झाला असता. मुळात ल्ल असता तर मराठीत ल राहिला असता, पण आधीचा स्वर लांबला असता, जसे भल्लचा भाला. ‘झलक’मध्ये स्वर ऱ्हस्व आणि ल साधा, म्हणून तो हिंदीतून उसना आलेला. चिठ्ठीवर त्याला ‘उसना, त्याच मुळाचा’ असे लिहावे. त्याला वगळू नये आणि झळकच्या ढिगात मिसळूही नये.

गोव्यात ऐकीव नोंदी करणाऱ्याने इथे आणखी एक दक्षता घ्यावी. ख्रिस्ती समाजाच्या कोंकणी बोलीत महाप्राण, म्हणजे ख, झ, भ यांतला ह-कार, पुष्कळदा सौम्य होतो, त्यामुळे झ आणि ज कानाला सारखेच वाटू शकतात. शंका आली तर तोच माणूस ‘झाड’ कसे उच्चारतो ते ऐकावे. त्याचा झाडातला झ जसारखा असेल, तर झळ आणि जळ यांचा निवाडा त्याच्या उच्चारावर करू नये.

झळपासून झळाळी

मूळ सापडले तरी शब्द कसा घडला हे सांगणे बाकी असते, आणि हा भाग बहुतेक व्युत्पत्त्यांत राहून जातो. झळकणे समजले, पण ‘झळाळ’ कसा झाला?

चमकण्याचे क्षेत्र सोडून आवाजाच्या शब्दांकडे वळावे. दणदण-दणाणणे, सणसण-सणाणणे, खळखळ-खळाळणे. साचा स्पष्ट आहे. द्विरुक्त शब्दाचा एक तुकडा घ्यायचा, त्याला आ जोडायचा आणि शेवटचे व्यंजन पुन्हा म्हणायचे. झळझळ-झळाळणे याच साच्यातून निघते. त्याला नामाचा ई लागला की झळाळी.

हा साचा हाती आला की दुसरी कुलुपेही उघडतात. चकचक-चकाकणे-चकाकी. लकलक-लकाकणे-लकाकी. तकाकीही याच घडणीची. ‘चकाकणे’चा संबंध संस्कृतातल्या ‘चकास्’ या चमकणे अर्थाच्या धातूशी जोडण्याचा मोह होतो, कारण पहिली दोन अक्षरे सारखी आहेत. पण सचा क होण्याचा नियम मराठीत नाही, आणि साचा समोर असताना त्या आधाराची गरजही उरत नाही.

स्वर बदलला की काय होते तेही पाहून घ्यावे. झळझळमध्ये ताप आणि तेज आहे, झुळझुळमध्ये संथ पाणी, झुळूकमध्ये हलका वारा. अनुकरणवाचक शब्दांत असा स्वरभेद अर्थ बदलतो. म्हणून आवाज जवळचा आहे एवढ्यावरून झुळूक झळच्या कुळात घालू नये.

नोंद लिहिताना

शेवटी सगळे एका नोंदीत बसवावे. झळाळीसाठी ती अशी होईल:

झळाळी, स्त्रीलिंगी नाम. आतून उमटल्यासारखे वाटणारे तेज, विशेषतः सोने, चेहरा, कीर्ती यांचे. घडण: झळ, झळझळ, झळाळणे, झळाळी (तुलना खळखळ, खळाळणे). मूळ: देशी, अपभ्रंश झलक्क-, हेमचंद्र 8.4.395, तिथे अर्थ ‘भाजणे, होरपळणे’. नात्यातले: झळ, झळकणे; हिंदीतून उसना झलक. ज्वाला, उजळ, पाजळणे आणि कोंकणी परजळप यांच्याशी ध्वनिनियमाने नाते लागत नाही.

शेवटचे वाक्य गाळू नये. कोणती वाट तपासून सोडली हे लिहिले नाही, तर पुढचा अभ्यासक त्याच वाटेने पुन्हा जातो. नोंदीत पुरावा, तर्क आणि नकार वेगळे ओळखू यावेत. एका शब्दाला मन लावून काम केले तर दोन-तीन दुपारी सहज जातात, त्यातला बराच वेळ वाक्ये गोळा करण्यात. घाई केली तर कमी पडतात ती वाक्येच.

पुढचा शब्द म्हणून ‘लकाकी’ सोपा आहे, साचा तोच. ‘चमक’ घ्यायची तर मात्र नव्याने सुरुवात करावी. तिथे ‘चमाकणे’ असे रूप होत नाही, म्हणजे हा साचा लागू नाही. आणि ढीग करताना दोन अर्थ असे येतात की ज्यांचा उजेडाशी काही संबंध नाही: माणूस चमकून मागे पाहतो, आणि पाठीत चमक भरते. दोन्हींत अचानकपणा आहे. संस्कृतात ‘चमत्’ हा आश्चर्याचा उद्गार आहे आणि ‘चमत्कार’ त्यापासूनच झाला. म्हणून या शब्दाचा शोध उजेडापासून नव्हे, दचकण्यापासून सुरू करावा.